पन्हाळा ते विशाळगड एसटीनं : वाट उलटी चालली तर?

पंचगंगाकाठ :
नमस्कार मंडळी. पन्हाळगड ते विशाळगड ही वाट मी दोनदा चालले आहे. दोन्ही वेळा जुलैमधल्या मोठ्या मोहिमेबरोबर. शेकडो माणसं, पुढंमागं घोषणा, सामानाला टेम्पो, जेवण तयार आणि शेवटी परत आणायला ठरवलेली बस. या खेपेला आईला घेऊन जायचंय, आम्ही दोघीच. आईचं वय ६४. आयुष्य भांगलण-कापणीत गेलंय, दिवसाला १५ किलोमीटर ती कुठंही न टेकता चालते. तिला गर्दी नको. "राजं गेलं ती वाट मला गप चालायचीय," एवढंच तिचं मागणं.

घरात चारचाकी नाही. असती तरी उपयोग नव्हता. गाडी पन्हाळ्यावर लावायची आणि पायी विशाळगड गाठायचा, म्हणजे गाडी आणायला पुन्हा पन्हाळ्याला जाणं आलं. माझे वडील एसटीत चालक होते. मुक्कामी गाडी घेऊन शाहूवाडी-पन्हाळ्याच्या वाड्यांत झोपायचे. त्यामुळे एसटी माझ्यासाठी नाइलाज नाही, ही वाट एसटीनंच करायची असं ठरवून विचारतेय.

जाण्याचा भाग सोपा. मध्यवर्ती बसस्थानकातून पन्हाळ्याची गाडी, २० किलोमीटरच्या आसपास, तासाभरात गडावर. शिवाजी पूल ओलांडला, केर्लीचा जोतिबा फाटा मागं पडला की वाघबिळापाशी गाडी रत्नागिरी रस्ता सोडते आणि चढाला लागते. गडावर उतरून पुसाटी बुरूज, राजदिंडी, खाली तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठार. पठार उतरलं की कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी. पुढं रिंगेवाडी, माळवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरेपाणी आणि पावनखिंड. तिथून भाततळी, गजापूर, विशाळगड. सगळं मिळून ५० ते ६० किलोमीटर, कोण कुठून मोजतो त्यावर.

अडतं ते शेवटाला. दमलेल्या पायांनी संध्याकाळी गजापुरात पोचलो आणि कोल्हापूरची शेवटची गाडी निघून गेलेली असली तर? आईला घेऊन रस्त्यावर उभं राहायचं नाही. ज्यांनी हे एसटीनं केलंय त्यांनी कसं बसवलं, सविस्तर सांगा.

सह्यपायी :
ताई, धागा काढलात बरं झालं. आम्ही मुंबईहून चौघं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी कोल्हापुरात उतरलो, तर लगेच पन्हाळ्याची गाडी मिळते का? आणि स्टेशनपासून स्थानक किती लांब? ऑनलाइन आरक्षण करताना मलकापूर नावाची इतकी स्थानकं दिसली की गोंधळ उडाला.

मलकापूरकर :
@सह्यपायी, शाहू टर्मिनसला उतरलात की मध्यवर्ती स्थानक चालत १० मिनिटांवर आहे. रिक्षासुद्धा लागत नाही. आधी स्थानकाबाहेर मिसळ खा, मग गाडीत बसा. पन्हाळ्याला दिवसभर गाड्या असतात.

मलकापूर नीट बघून निवडा. एक बुलढाण्यात आहे, नागपूर मार्गावर रेल्वे स्टेशन असलेलं. एक कराडला लागून, महामार्गावर. आमचं मलकापूर शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर. माझ्या एका पाहुण्यानं पुण्याहून कराडच्या मलकापूरचं तिकीट काढलं होतं.

@पंचगंगाकाठ, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं. या वाटेचं दळणवळण समजून घ्यायचं असेल तर पाणी कुठं जातं ते बघा. आपली वाट एका धारेवरून आणि तिच्या उतारांवरून जाते. उत्तरेचं पाणी वारणेला जातं, दक्षिणेचं कासारीला. एसटीचे रस्तेही तसेच दोन आहेत. उत्तरेचा म्हणजे आमचा रत्नागिरी रस्ता : वाघबीळ, बोरपाडळे, पैजारवाडी, बांबवडे, शाहूवाडी, मलकापूर, पुढं आंबा. दक्षिणेचा कासारीच्या खोऱ्यातून : कळे, बाजारभोगाव, करंजफेण, पुढं अणुस्कुऱ्याकडं. वाट या दोन रस्त्यांच्या मधून जाते आणि पांढरेपाण्याच्या अंगाला मलकापूर-अणुस्कुरा रस्ता तिला येऊन भिडतो. चालताना कुठंही पाय मुरगळला, ताप आला, तर "आत्ता मी कुठल्या रस्त्याच्या जवळ आहे" हे ठाऊक पाहिजे. मसाई पठारापासून करपेवाडीपर्यंत मी वाडीतल्या माणसालाच विचारतो, "बाजारला कुठं जाता?" ज्या गावाचं नाव तो घेईल, तिकडं गाडी किंवा निदान वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप) असतंच.

विशाळगडाहून परतताना मलकापूर हा तुमचा आधार. गजापूरहून थेट कोल्हापूरची गाडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मलकापूरपर्यंत या. आमच्याकडं आगार आहे, आणि रत्नागिरीकडून कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्या इथूनच जातात. मलकापुरात पोचलेला माणूस अडकत नाही. अडकतो तो गजापूर आणि मलकापूरच्या मधे. म्हणून शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत गजापुरात पोचायचं, असंच गणित मांडा.

जुना गडी :
मी १९८६ पासून ही वाट चालतोय. पहिल्या वेळी खिंडीत उतरायला शिडी नव्हती. एक वेगळा विचार मांडतो, राग मानू नका.

वाट उलटी चाला.

सकाळची पहिली गाडी धरून मलकापूर, तिथून विशाळगड. गडाच्या पायथ्याशी ताज्या पायांनी उतरा. मग गजापूर, पावनखिंड, पांढरेपाणी, म्हसवडे असं करत पन्हाळ्यावर संपवा. पहिल्या दिवशी सकाळी गाडीला उशीर झाला तर काय बिघडलं? तुम्ही मलकापूरच्या स्थानकात चहा पीत बसाल. शेवटच्या दिवशी तुम्ही पन्हाळ्यावर असाल. तिथून कोल्हापूरला गाडी, वडाप, दुधाचा टेम्पो, काहीही मिळतं आणि अंतर फक्त २० किलोमीटर. कमी गाड्यांचं टोक पहिल्या दिवशी उरकायचं, जास्त गाड्यांचं टोक शेवटी ठेवायचं. एसटीनं जाणाऱ्यानं कुठलीही लांब वाट अशीच बसवावी.

दुसरं एक कारण. सुलट चालताना आपण शेवटच्या गाडीसाठी पळतो, आणि पळतो नेमके पांढरेपाणी ते पावनखिंड या टप्प्यात. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त थांबायला हवं, तिथंच माणूस घड्याळ बघतो. मी कित्येकांना खिंडीत पाच मिनिटं उभं राहून निघताना पाहिलंय.

नेबापूरकर :
जुने गडी, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण मला हे पटत नाही.

माझं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. शिवा काशीद आमच्या गावचे, समाधी इथं आहे. १२ जुलै १६६० च्या रात्री ते राजांच्या वेशात पालखीत बसले ते परत न येण्यासाठीच. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून बसलेला होता. त्या रात्री राजे सहाशे मावळ्यांनिशी राजदिंडीतून उतरले, मागं सिद्दी मसूद लागला, घोडखिंडीत, म्हणजे आताच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदल थांबले, राजे पुढं गेले. या सगळ्याला एक दिशा आहे. पन्हाळा सोडायचा आणि विशाळगड गाठायचा, त्यासाठी माणसं मेली. आपण त्यांच्या उलट, गाडी सोयीची म्हणून चालत यायचं? पायाखाली तीच माती असेल, पण मन लागणार नाही. मी तरी तसा चालणार नाही.

एसटीनंच जायचं तर एक दिवस जास्त काढा. शेवटची रात्र गजापुरात राहा आणि सकाळच्या गाडीनं या. घाई आपोआप सुटते.

पेठेतली :
दोघांचंही वाचून गळा दाटला.

मी बायकांच्या बाजूनं थोडं लिहिते. आम्ही चौघी मैत्रिणींनी ही वाट दोन हिवाळ्यांत तुकड्या-तुकड्यांनी पूर्ण केली. एका दमात व्हायलाच हवी असं काही नाही. पहिली तुकडी पन्हाळा ते मसाई पठार, पांडवदरी बघून परत पन्हाळा. दुसरी खोतवाडी-करपेवाडीची. तिसरी पांढरेपाणी ते विशाळगड. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तीनदा जाणं-येणं करूनही भाड्याच्या गाडीपेक्षा फारच कमी खर्च आला. आईंचं वय ६५ पूर्ण झालं नसलं तरी अर्धं तिकीट महिला म्हणून मिळेलच, आधार कार्ड जवळ ठेवा. वाहकाकडं यूपीआयनं पैसे देता येतात, पण खोऱ्यात रेंज जाते, सुट्टे हवेतच.

एक सवय मला फार कामाची वाटली. चढल्या चढल्या वाहकदादांना सांगायचं, "आम्ही चालत अमुक ठिकाणी निघालोय, परवा याच रस्त्यानं परत येणार." ते लगेच सांगतात की परतीची गाडी किती वाजता फाट्यावर येते, कुठल्या बाजूला उभं राहायचं, कुठला दिवस ती नसते. चौकशी खिडकीवर स्थानकातून सुटायची वेळ कळते. फाट्यावर किती वाजता पोचते ते रोज त्या रस्त्यावर असणाऱ्यालाच माहीत.

पठाराखालचा :
मी याच वाटेवरच्या वाडीतला. गावाचं नाव लिहीत नाही. पोरं वाचत्यात, चेष्टा करतील.

आमच्याकडं येणारी गाडी तुमच्यासाठी सोडलेली नाही, हे आधी समजून घ्या. ती शाळेच्या पोरींसाठी आहे. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, त्या गाडीवरच माझी बहीण शिकली. सकाळी लवकर ती गावातून निघते, शाळा सुटली की परत येते. मुक्कामी असली तर रात्री गावात झोपते, चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेत. तुमचं सगळं नियोजन शनिवार-रविवारचं असतं आणि नेमकं रविवारी, दिवाळीत, मे महिन्यात शाळेची फेरी नसते. दरवर्षी माणसं रविवारी दुपारी फाट्यावर पाठीवर पिशव्या लावून उभी राहत्यात आणि आम्हाला विचारत्यात, गाडी कधी येणार. सोमवारी येणार, असं सांगावं लागतं.

तर शुक्रवारी निघा, नाहीतर सोमवारी संपवा. सुट्टी टाकायला लागेल, टाका.

अजून एक. भारमान म्हणून एक गोष्ट असते. गाडीत माणसं किती बसली त्यावर फेरी चालू ठेवायची का बंद करायची ते ठरतं. तुम्ही चौघं जण चारचाकीनं आलात तर आमच्या वाडीला धूळ मिळते. एसटीनं आलात तर चार तिकिटं फाटत्यात. हिवाळाभर दर आठवड्याला चारपाच माणसं त्या गाडीत बसली तर आमची फेरी टिकायला हातभार लागतो. पोरींच्या पासावर भारमान किती दिसणार? म्हणून मी या ताईंच्या बाजूचा. सुलट या, उलट या, पण एसटीनं या.

पंचगंगाकाठ :
@पठाराखालचा, दादा, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. बाबा असेच बोलायचे. ते सांगायचे की मुक्कामाच्या गावात रात्री कुणीतरी भाकरी आणून द्यायचं, आणि सकाळी गाडी सुरू केली की अंधारात कंदील-बॅटऱ्या घेऊन पोरं धावत यायची. ते फेरीला "माझी पोरं" म्हणायचे.

@जुना गडी, @नेबापूरकर, मला दोघांचंही पटतंय आणि त्यामुळे जास्त अडलंय. बाकीच्यांचं मत काय?

वडणगेकर :
दिशेवर मी बोलत नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर पंचगंगेवर बोलतो, कारण माझं घर पलीकडच्या तीरावर आहे.

पन्हाळा रस्ता शिवाजी पुलावरून जातो. पूल उंच आहे, त्याला काही होत नाही. पुढं आंबेवाडीजवळ रेडेडोह फुटला, म्हणजे तिथं नदी काठाबाहेर पडली, की पाणी रस्त्यावर येतं आणि पन्हाळ्याची, मलकापूरची, विशाळगडाची, सगळी एसटी एकदम थांबते. (ही आंबेवाडी करवीरमधली. तुमच्या वाटेवरची आंबेवाडी वेगळी. तिकीट काढताना नुसतं आंबेवाडी म्हणू नका.) राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. निघायच्या दिवशी सकाळी हा आकडा बघा. तो ३५ च्या पुढं जाऊन वाढत असेल आणि धरणक्षेत्रात पाऊस लागून असेल तर निघूच नका. तुम्ही तीन दिवसांनी परत याल तेव्हा रस्ता पाण्याखाली असेल. २०१९ ला आणि २०२१ ला आम्ही हे दोन्ही बाजूंनी भोगलंय. २०२१ च्या जुलैत तर पन्हाळ्यावर चढणारा रस्ताच खचला होता, गडावर गाडी जात नव्हती.

फक्त रेडेडोहाचं पाणी आलं असेल तर महामार्गानं वाठार, मग वारणानगर, कोडोली, बोरपाडळे असा वळसा असतो. पण त्यावेळी त्या रस्त्यावर सगळ्या जिल्ह्याची वाहनं असतात.

मलकापूरकर :
वडणगेकरांनी पाण्याचं सांगितलं, मी तिथीचं सांगतो. हे फारसं कुणी लक्षात घेत नाही.

बऱ्याच जणांना ती रात्र तिथीनं साजरी करायची असते, आषाढ पौर्णिमा आणि वद्य प्रतिपदा. आता बघा, आषाढी एकादशी पौर्णिमेच्या चार दिवस आधी. एकादशीला राज्यभरातून हजारो जादा गाड्या पंढरपूरला जातात आणि पौर्णिमेचा गोपाळकाला झाल्यावर वारकऱ्यांना घेऊन परततात. म्हणजे तुम्ही पन्हाळ्यावर उभे असता तेव्हा बऱ्याच आगारांच्या गाड्या चंद्रभागेच्या वाळवंटाजवळ उभ्या असतात. त्या आठवड्यात वाडीवस्तीची एखादी फेरी कमी झाली तर आमच्याकडं कुणी तक्रार करत नाही, घरातलं कुणीतरी त्याच गाडीनं वारीला गेलेलं असतं. म्हणून त्या आठवड्यात या पट्ट्यात एसटीवर विसंबून चालायला निघू नये. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, तेव्हाही तसंच, वाघबिळापर्यंत रस्ता माणसांनी भरलेला असतो.

दोघी जणी शांतपणे जाणार असाल तर मार्गशीर्ष-पौष. चिखल नाही, जळवा नाहीत, पठारावर धुकं लागून वाट हरवत नाही. फक्त मसाईवर पाणी मिळेल असं धरू नका, खालूनच भरून न्या. आणि पहाटे अंधारात फाट्यावर जाऊ नका, रस्त्यावर गवे असतात. उजाडू द्या.

जुना गडी :
नेबापूरकर, चार दिवस तुमच्या पोस्टवर विचार करतोय.

तुम्ही म्हणता ती दिशा खरी. मी पहिल्या दहा वेळा सुलटच चाललो. नंतर गुडघा गेला. पळून एसटी पकडणं जमेना, तेव्हा उलट चालायला लागलो, नाहीतर ही वाट मला सुटली असती. उलट चालताना एक गोष्ट मात्र करतो, ती इथं पहिल्यांदा लिहितोय. खिंडीत पोचल्यावर मी थांबत नाही. खिंड ओलांडून पांढरेपाण्याच्या बाजूला थोडा पुढं जातो, पिशवी तिथं ठेवतो, आणि मोकळ्या हातानं परत खिंडीत येतो. विशाळगडाकडं तोंड करून. तेवढी वाट मी सुलट चालतो. मग बसतो. एसटीची काळजी त्या दिवशी नसते, त्यामुळे हवं तितकं बसतो.

नेबापूरकर :
हे मला माहीत नव्हतं. माझा शब्द मागं घेतो.

@पंचगंगाकाठ, ताई, आईंना घेऊन उलट जा. पन्हाळ्यावर पोचलात की खाली नेबापुरात शिवा काशीदांच्या समाधीला जरूर या. गडावरून उतरून येता येतं.

पेठेतली :
विशाळगडावर जाणार असाल तर प्रवेशाच्या वेळा आणि नियम मलकापुरात विचारूनच पुढची गाडी धरा, ते बदलत असतात. पन्हाळ्याचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून तिथं शनिवार-रविवारी गर्दी वाढली आहे. तुमचा शेवटचा दिवस सोमवार आला तर आईंना हवी तशी शांतता मिळेल.

पंचगंगाकाठ :
मंडळी, जाऊन आलो. शुक्रवारी निघून सोमवारी परत. पौष लागायचा होता. ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांसाठी लिहिते.

शुक्रवारी पहाटे मध्यवर्ती स्थानकातून मलकापूर. तिथं उतरून विशाळगडाच्या गाडीची वाट बघितली, चांगली दीड तास. जुन्या गड्यांनी सांगितलं होतं तसंच, काहीच बिघडलं नाही. आईनं स्थानकातल्या एका आजींशी सूत जुळवलं, त्यांनी आम्हाला पिशवीतल्या शेंगा दिल्या. विशाळगडाच्या गाडीत वाहकदादांना सगळं सांगितलं. त्यांनी त्यांचा फेरीचा कागद काढून मला पांढरेपाण्याच्या फाट्यावरच्या वेळा लिहून दिल्या, लागल्या तर असू देत म्हणून. लागल्या नाहीत, पण तो कागद मी खिशात ठेवून चालले आणि रात्री नीट झोप लागली.

गडावर बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभूंच्या समाधीला गेलो. आईनं घरून आणलेली शेवंती वाहिली. रात्री गजापुरात एका घरी राहिलो. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. पैसे घेईनात, आईनं पोराच्या हातात ठेवले.

शनिवारी खिंड. आम्ही दोघीही आधी ओलांडून पलीकडं गेलो, पिशव्या दगडाजवळ ठेवल्या आणि परत आलो. आई शिडी उतरून पाण्यापाशी गेली. डिसेंबरचं पाणी, दगडांमधून बारीक धार. मी तिला सांगितलं, ही कासारी, इथंच गजापुराकडं उगम पावते. ती दोन तास बसली. मधे एकदा म्हणाली, "पाऊस असंल त्या राती. ऐकू बी येत नसंल एकमेकांचं." मोहिमेच्या दोन्ही वेळी मी या जागी फोटो काढून निघाले होते.

शनिवारची रात्र पांढरेपाण्यात, रविवारची करपेवाडीच्या अलीकडं. सोमवारी उजाडताना आम्ही निघालो तेव्हा शाळेची गाडी गावात सुरू होती, पुढच्या काचेवर हळद-कुंकू, दारात पोरी. चालकांनी आम्हाला बघून हॉर्न दिला. आई तिथंच उभी राहिली, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

मसाई पठारावर ऊन होतं. पाणी खालून नेलं होतं, पुरलं. शेवटची पन्हाळ्याची चढण मात्र आईला जड गेली, ते खरं लिहायला हवं. उलट चालणाऱ्यांनी हे लक्षात घ्या : सगळ्यात दमलेल्या दिवशी गड चढायचा असतो. आम्ही चार वेळा बसलो, दीड तास जास्त लागला. पण गाडीची घाई नव्हती. गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी आलो तेव्हा दिवस मावळत होता, आणि स्थानकात कोल्हापूरची गाडी उभी होती. नेबापूर राहिलं. उशीर झाला, दादा. पुढच्या खेपेला फक्त त्यासाठी येणार आहोत.

येताना आई खिडकीला बसली होती. शिवाजी पुलावर गाडी आली तेव्हा तिनं विचारलं, "त्या खिंडीतलं पाणी ते हेच का?" प्रयाग चिखलीला कासारी मिळते, म्हणजे हेच. मी हो म्हटलं. तिनं अंधारात पाण्याकडं बघून हात जोडले.

जुना गडी :
खिंडीत दोन तास. वाचून समाधान वाटलं. चढणीचं बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं. गुडघे दुखणाऱ्यांनी पन्हाळ्याऐवजी म्हाळुंग्याच्या बाजूलाच संपवावं आणि तिथं वाहन बघावं.

सह्यपायी :
आम्ही चौघं फेब्रुवारीत येतोय. शुक्रवार ते सोमवार, ताईंसारखंच उलट. @पठाराखालचा, तुमच्या वाडीत रविवारी रात्री राहायची सोय होईल का? शिधा आम्ही मुंबईहून घेऊन येऊ.

पठाराखालचा :
या. शिधा आणू नका, वाडीत दुकान आहे, तिथनं घ्या. सोमवारी सकाळी चालायच्या आधी शाळेच्या गाडीनं पुढच्या फाट्यापर्यंत या, तेवढीच चार तिकिटं. फाट्यावरून वाटेला कसं लागायचं ते मी दाखवतो.